श्नायडरचे पर्णनास वटवाघूळ

श्नायडरचे पर्णनास वटवाघूळ : स्तनी वर्गाच्या कायरॉप्टेरा गणातील हिप्पोसायडेरिडी कुलातले लहान, कीटकभक्षी व गुहावासी वटवाघूळ. शास्त्रीय नाव हिप्पोसायडेरॉस स्पिओरिस. आढळ फक्त भारत आणि श्रीलंका या दोन देशांत. मराठवाड्यात लेण्यांच्या दारातून तिन्हीसांजेला भुरभुर बाहेर पडणाऱ्या सर्व लहान वटवाघळांना सरसकट ‘पाकोळ्या’ म्हणतात. त्यांत ही जातीही येते.

वर्गीकरण : या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन श्रेबर यांच्या सस्तन प्राण्यांवरील जर्मन ग्रंथात श्नायडर यांनी व्हेस्परटिलिओ स्पिओरिस या नावाने केले. ग्रंथ अनेक वर्षे खंडशः निघत राहिला. त्यातील या भागाचे साल १८०० धरण्याचा आता प्रघात आहे. मूळ नमुन्याचे ठिकाण तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी, म्हणजे त्या काळची डॅनिश वसाहत त्रांकेबार. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३१ मध्ये हिप्पोसायडेरॉस ही प्रजाती (निकटच्या जातींचा गट) स्थापली ती याच जातीवरून. त्यामुळे आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या या मोठ्या प्रजातीची प्रमाण जाती (जिच्यावरून प्रजातीचे नाव निश्चित होते ती) तरंगंबाडीची आहे.

पर्णनास वटवाघळांना जुने ग्रंथकार नालनास, म्हणजे नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेल्या, वटवाघळांच्या (ऱ्हायनोलोफिडी) कुलातच घालत. आता ती दोन स्वतंत्र पण निकटची कुले मानतात. याहून मोठा मतभेद वटवाघळांच्या साऱ्या गणाच्या विभागणीबद्दल आहे. ‘मोठी फलाहारी’ आणि ‘लहान कीटकभक्षी’ अशी सोपी दुफळी दीर्घकाळ चालत आली. २००० च्या सुमारास जनुकीय अभ्यासांनी ती मोडली : पर्णनास, नालनास आणि उंदीरशेपटी वटवाघळे ही इतर कीटकभक्षी वटवाघळांपेक्षा फलाहाऱ्यांनाच जवळची ठरली. मग प्रतिध्वनीवरून दिशा ओळखण्याची शक्ती एकदाच उपजून फलाहाऱ्यांत लोपली, की दोनदा स्वतंत्रपणे उपजली, हा प्रश्न उभा राहिला. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. नवी विभागणी मात्र आता बहुतेकांनी स्वीकारली असून येथेही तीच ग्राह्य धरली आहे.

शरीररचना : अग्रबाहू (कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग) सुमारे ४५ ते ५४ मिमी., वजन १० ग्रॅमच्या आसपास. नाकावर कातडीची गुंतागुंतीची घडी (नासापर्ण) असते. तिच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन लहान जादा पर्णिका असतात आणि ओळख पटवायची ती यांवरूनच. दख्खनच्या पठारावरच्याच हिप्पोसायडेरॉस फल्व्हस या लहान भाईबंदाला या पर्णिका नसतात, त्याचे कान मोठे व गोलसर असतात आणि अग्रबाहू सुमारे ३८ ते ४४ मिमी. भरतो. रंगावर विसंबू नये. एकाच वसाहतीत राखी, तपकिरी आणि नारिंगी अशा छटा दिसतात. नराच्या कपाळावर, नासापर्णाच्या मागे, ग्रंथींची एक लहान पिशवी असते.

ध्वनी : हे वटवाघूळ नाकावाटे श्राव्यातीत आवाज सोडते. आवाजाचा पहिला भाग एकाच कंप्रतेवर, म्हणजे दर सेकंदाच्या कंपनसंख्येवर (सुमारे १२७ ते १३८ किलोहर्ट्‌झ), टिकतो व शेवट झपाट्याने खाली उतरतो. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्‌झ आहे. १३० किलोहर्ट्‌झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी अवघी २.६ मिमी.च्या आसपास भरते, म्हणून बारीक किडासुद्धा त्यातून सुटत नाही. स्थिर कंप्रतेच्या भागामुळे फडफडणाऱ्या पंखांचा प्रतिध्वनी पानांच्या स्थिर प्रतिध्वनीतून वेगळा काढता येतो. उडण्याच्या वेगामुळे प्रतिध्वनीची कंप्रता बदलते, त्यासाठी स्वतःच्या आवाजाची कंप्रता खाली आणण्याची कला या कुलात आहे. नालनासांत ती अधिक अचूक आहे.

दैनिक लय : या जातीचे नाव जीवशास्त्रात गाजले ते मदुराईमुळे. मदुराई कामराज विद्यापीठातील एम. के. चंद्रशेखरन, जी. मारिमुत्तू व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : जिथे उजेड पोचतच नाही अशा गुहेच्या पोटात लटकलेल्या प्राण्याला बाहेर सूर्य मावळल्याचे कळते कसे? त्यांनी वटवाघळे पिंजऱ्यात घालून गुहेतल्या सततच्या अंधारात ठेवली. सभोवती मोकळे सोबती रोज ये-जा करीत होते, तोवर पिंजऱ्यातल्यांची हालचालही त्यांच्याच वेळेला सुरू होई. वटवाघळे नसलेल्या गुहेत एकट्याला ठेवल्यावर त्याची लय चालू राहिली, पण २४ तासांच्या मापापासून रोज थोडी थोडी ढळत गेली. सोबत्यांची चाहूलच शरीरातल्या घड्याळाला किल्ली देते, असा निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा भाग उजेडाचा. बाहेर पडण्याआधी काही वटवाघळे गुहेच्या तोंडापर्यंत येतात, घिरट्या घालून परत आत जातात आणि उजेड किती उरला ते जणू चाचपतात. पुढे १९८४ मध्ये डी. एस. जोशी व चंद्रशेखरन यांनी दाखवले, की केवळ अर्ध्या मिलिसेकंदाचा प्रखर लखलखाटही या वटवाघळाचे घड्याळ पुढे-मागे सरकवू शकतो. निशाचर प्राण्यांत साधारणतः दिवसा पडलेला उजेड घड्याळ फारसा हलवत नाही, रात्रीचा हलवतो. म्हणून स्मारकांवरच्या रात्रीच्या दिव्यांचा विचार करताना हे निष्कर्ष डोळ्यांसमोर असायलाच हवेत.

मराठवाड्यातील अधिवास : चुनखडीच्या प्रदेशात पाण्याने आपोआप कोरलेल्या गुहा असतात. मराठवाडा जवळजवळ सगळा काळ्या बेसाल्टचा. येथे खोल नैसर्गिक गुहा विरळा. त्यामुळे येथील ‘गुहावासी’ वटवाघळांना घर मिळाले ते माणसाच्या छिन्नीने : अजिंठा, वेरूळ, पितळखोरे, औरंगाबाद, धाराशिव व खरोसा येथील लेणी, दौलताबाद किल्ल्यातील अंधारी (काळोखी भुयारी वाट), गढ्यांची तळघरे आणि बुजत आलेल्या बारवा. अंधारीत शिरताच येणारा उग्र दर्प पर्यटकांच्या ओळखीचा आहे. एकाच लेण्यात अनेक जाती नांदतात. काळोख, दमटपणा आणि छताची उंची यांनुसार त्या जागा वाटून घेतात. स्पिओरिस दाटीने चिकटून राहत नाही. प्रत्येक प्राणी शेजाऱ्यापासून अंतर राखून मोकळा लटकतो आणि बहुधा पुन्हा आपल्याच जागी परततो.

लेण्यांत वटवाघळे केव्हा आली, याचे उत्तर लेणी केव्हा ओस पडली यावर अवलंबून आहे आणि तिथेच विद्वानांत एकमत नाही. अजिंठ्याचा उत्तरकालीन बहर अमेरिकन कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी वाकाटक राजा हरिषेणाच्या कारकिर्दीभोवती, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोजक्या वर्षांत बसवला. इतर अभ्यासक तो सहाव्या-सातव्या शतकापर्यंत लांबवतात. चिनी प्रवासी ह्युएनत्संगाने सातव्या शतकात केलेले वर्णन अजिंठ्याचेच मानले जाते, पण ते ऐकीव असावे. लेणे क्र. २४ सारखी अर्धवट सोडलेली दालने पाहता स्पिंक यांचा आखूड कालक्रम अधिक पटतो. तसे असेल, तर काही दालने माणसांपेक्षा कितीतरी अधिक काळ वटवाघळांकडे होती, असे म्हणावे लागते. १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ तेथे पोचला, तोवर हजारांहून अधिक वर्षे उलटली होती.

या भागातील वटवाघळांच्या अभ्यासाचा पाया फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंद्रे ब्रोसे यांनी मध्य व पश्चिम भारतावर लिहिलेल्या लेखमालेने (१९६२-६३) घातला. ती बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली.

आहार व प्रजनन : भुंगेरे, माश्यांच्या गणातील कीटक, वाळवीचे पंखधारी किडे हे भक्ष्य. शिकार झाडोऱ्याच्या कडेने व मोकळ्या फटींतून, जमिनीपासून फार उंच न जाता. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला दूध नसलेली दोन लटकी स्तनाग्रे असतात. उडताना पिल्लू ती तोंडात धरून आईला उलटे बिलगते. भारतीय वटवाघळांच्या प्रजननावर नागपूरच्या ए. गोपालकृष्ण यांनी सहकाऱ्यांसह दीर्घ लेखमाला लिहिली असून तिच्यात चंद्रपूरच्या स्पिओरिसवरही एक लेख आहे.

संरक्षण : आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत ही जाती ‘कमीत कमी चिंता’ या गटात आहे. मराठवाड्यात खरी अडचण घराची आहे. विष्ठा आणि मूत्राने भित्तिचित्रे खराब होतात, हे अजिंठ्याच्या बाबतीत खरे आहे, आणि चित्रांच्या दालनांना जाळीची दारे असणे योग्यच. पण चित्र नसलेली लेणी, तळघरे आणि बारवा स्वच्छतेच्या नावाखाली सरसकट बंद करण्याला आधार नाही. तोंड बंद करणे अटळच असेल, तर आडव्या गजांचे दार बसवावे. त्यातून माणूस जात नाही, वटवाघूळ जाते. पिल्ले आईला बिलगलेली असतात त्या काळात अशी कामे काढू नयेत, आणि वसाहतीखाली मशाली किंवा धूर तर कधीच करू नये.