रिकामा मेंदू ‘मी’कडे का वळतो?

पुण्यात कर्वे रस्त्याने जाताना अलीकडे आनंदाचे फ्लेक्स फार दिसतात. ‘दोन दिवसांत स्वतःला शोधा’, ‘डोपामाइन वाढवा’, ‘आधी स्वतःवर प्रेम करा’. सुख आपल्या आतच दडलेलं आहे आणि जरा खोल डोकावलं की सापडतं, हे आता सर्वांनी मान्यच केलेलं दिसतं. मेंदूविज्ञानाचा गेल्या पंचवीस वर्षांतला अनुभव मात्र बराचसा उलटा आहे. त्याची सुरुवात झाली एका वजाबाकीतून.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण तो ऊर्जा खातो २० टक्के. अवघड कोडं सोडवायला घेतलं तरी हा खर्च जेमतेम वाढतो, बहुधा ५ टक्क्यांहून कमी. म्हणजे तुम्ही नुसते लोळत असता तेव्हाही आत कारखाना चालूच असतो. पेट स्कॅनवर (PET, मेंदूत कुठे किती रक्त पोचतं हे दाखवणारी तपासणी) काम करणारे संशोधक दोन चित्रं घेत: माणूस काम करताना आणि तो नुसता पडून असताना. पहिल्यातून दुसरं वजा केलं की त्या कामासाठी मेंदूचा कोणता भाग लागतो ते कळे. गंमत अशी की काही भागांत उत्तर ऋण यायचं. काम वाचनाचं असो वा आकृत्या ओळखण्याचं, बहुतेक वेळा तेच भाग मंदावलेले दिसत.

शंका उघड होती. पडून राहिलेला माणूस मनातल्या मनात काहीतरी करत असेल, म्हणून ते भाग तेव्हा ‘पेटलेले’ असतील, एवढंच! अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या मार्कस रायकल यांच्या गटाने २००१ मध्ये ही शंका ज्या रीतीने तपासली, ती मला फार आवडते. मेंदूचा एखादा भाग पेटला की तिथे रक्ताचा ओघ खूप वाढतो, पण प्राणवायूचा वापर त्या मानाने थोडाच वाढतो. पाहुणे येणार म्हणून चार लिटर दूध जास्त आणावं आणि त्यातलं एकच लागावं, तसं. त्यामुळे आलेल्या रक्तातून किती टक्के प्राणवायू उचलला गेला, हे प्रमाण तिथे घसरतं. आता विश्रांतीत ते ‘ऋण’ भाग खरोखर पेटलेले असतील, तर तिथलं हे प्रमाण इतर भागांपेक्षा कमी दिसायला हवं. ते तसं दिसलं नाही. मेंदूभर ते जवळपास सारखंच होतं, सुमारे ४० टक्के. निष्कर्ष असा की ही कसली खास कामगिरी नव्हे, ही मेंदूची मूळ चाल आहे. काम आलं की ती मंदावते. या भागांच्या साखळीला ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात.

ही साखळी करते काय? जुन्या आठवणी, उद्याचे बेत, ‘तो मला असं का म्हणाला’ हे सगळं. मध्यरेषेवरचा पुढचा भाग (मध्य-अग्रखंड) आणि मागचा भाग (पश्च सिंग्युलेट) यात आघाडीवर असतात. थोडक्यात, रिकामा मेंदू बहुधा स्वतःची गोष्ट रचत बसतो. २०१० मध्ये हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २२५० जणांना फोनवरून दिवसभरात अधूनमधून विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि अशा वेळी लोक कमी आनंदी होते. गोड विचारांत रमलेले लोकसुद्धा कामात मन असलेल्यांपेक्षा जास्त आनंदी आढळले नाहीत.

बाहेरच्या कामाने ही साखळी मंदावते, कारण लक्ष देणारं दुसरं जाळं आणि ही, साधारणपणे एक चढलं की दुसरं उतरतं. पालख्या मुक्कामी असताना नाना पेठेत वारकऱ्यांचे पाय चेपून देणाऱ्या कार्यकर्त्याला ‘मी आनंदी आहे का?’ हे विचारायला सवडच नसते. तो प्रश्न वारंवार विचारणंच महाग पडतं: आनंदाला फार महत्त्व देणारे लोक पुष्कळदा कमी आनंदी निघतात, असं मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस यांच्या गटाला २०११ मध्ये दिसलं.

मात्र या साखळीला खलनायक ठरवू नका. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायलाही हीच लागते. मध्य-अग्रखंडात स्वतःविषयीचा विचार खालच्या बाजूला झुकतो, दुसऱ्याविषयीचा वरच्या. म्हणून ‘डिफॉल्ट मोड बंद करा’ म्हणणारी शिबिरं आणि ‘सेवा केली की चांगल्या लहरी परत येतात’ म्हणणारे बुवा, दोघांनाही लांबून नमस्कार. लहरी कोणी मोजलेल्या नाहीत. आणि नैराश्याच्या रुग्णाला ‘जरा समाजसेवा कर, बरं वाटेल’ असं सांगून डॉक्टरांपासून दूर ठेवणं तर सरळ घातक.

मोजलेलं काय आहे? आनंदी लोकच मुळात सेवेला जातात की सेवेमुळे आनंदी होतात, हा खरा पेच. तो सोडवायला चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, म्हणजे सेवा कोणी करायची हे नशिबावर सोडावं लागतं. कॅनडात दहावीच्या १०६ मुलांवर असा प्रयोग झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी लगेच लहान मुलांसोबत आठवड्याला एकदा काम सुरू केलं, बाकीचे थांबले. दहा आठवड्यांनी काम करणाऱ्यांच्या रक्तातला इंटरल्युकिन-६ हा दाहाचा (शरीरातल्या सुजेचा) निदर्शक कमी होता, कोलेस्टेरॉलही. ज्यांची दुसऱ्यांबद्दलची आस्था जास्त वाढली, त्यांच्यात फरकही जास्त.

असा प्रयोग पुण्यात सहज करता येईल. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. नावनोंदणी झाल्यावर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पहिल्या सत्रात घ्यायचं, निम्म्यांना दुसऱ्या, आणि मध्ये रक्त तपासायचं. वाढीव गुणांसाठी आलेले कोण आणि मनापासून आलेले कोण, हेही आधीच विचारून ठेवावं. माझा अंदाज आहे की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत या दोघांतला बराच फरक पुसला जाईल.