द्राक्षगर्भ: आईचं एकही गुणसूत्र नसलेला गर्भ

इंदूरला आमच्या रामबागेत एका गरोदर मुलीचं तिसऱ्या महिन्यात गर्भाशय साफ करावं लागलं. रिपोर्टमध्ये 'मोलर प्रेग्नन्सी', म्हणजे द्राक्षगर्भ, असं लिहून आलं आणि घरोघरी कारणं तयार झाली. कुणी म्हणालं ग्रहणात सुरी हातात घेतली, कुणी म्हणालं पपई खाल्ली, आणि सासरच्या आजींनी 'हिच्यातच खोट आहे' असा निकालच देऊन टाकला. तो निकाल मला फार लागला, कारण पूर्ण द्राक्षगर्भाच्या केंद्रकात बहुतेक वेळा आईकडचं काहीच नसतं.

या आजारात वारेचे बारीक तंतू पाण्याने फुगून द्राक्षाच्या घडासारखे दिसू लागतात. पूर्ण प्रकारात बाळ तयार होतच नाही. आईची 23 आणि वडिलांची 23 गुणसूत्रं मिळून 46 होतात, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. इथे बीजांडातलं केंद्रकच नाहीसं झालेलं असतं. आत शिरलेल्या शुक्राणूची 23 गुणसूत्रं दुप्पट होतात आणि 46 चा आकडा भरतो. क्वचित दोन शुक्राणू शिरूनही तो भरतो. 1977 साली काजी आणि ओहामा या जपानी संशोधकांनी गुणसूत्रांवरच्या पट्ट्या आईवडिलांच्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा सगळी गुणसूत्रं वडिलांचीच निघाली.

पण 46 भरली, तर बाळ का होत नाही? 1984 मध्ये केंब्रिजला अझीम सुराणी आणि अमेरिकेत मॅकग्रा व सोल्टर यांनी उंदरांच्या फलित बीजांडांत केंद्रकांची अदलाबदल केली. दोन्ही केंद्रकं नराची असली की वारेच्या ऊती वाढत, भ्रूण खुरटे. दोन्ही मादीची असली की भ्रूण काही काळ बरा वाढे, वार मात्र खुरटी राही. काही जनुकांवर आईकडून किंवा वडिलांकडून आल्याची रासायनिक छाप असते आणि त्यानुसार एकच प्रत चालू राहते. ढोबळमानाने, वडिलांकडची प्रत वार वाढवते आणि आईकडची तिला आवर घालते. हा आवरच नसेल तर वार बेफाम वाढते.

पी 57 हे असंच आवर घालणारं प्रथिन, जवळजवळ फक्त आईच्या प्रतीतून बनणारं. पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर हे प्रथिन दाखवणारा रंग चढवतात. गर्भाशयाच्या अस्तरातल्या आईच्या पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, आणि त्यांच्या शेजारीच फुगलेल्या तंतूंच्या पेशी कोऱ्या राहतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे अपूर्ण द्राक्षगर्भात, केंद्रक शाबूत असलेल्या बीजांडात बहुतेक वेळा दोन शुक्राणू शिरतात, 69 गुणसूत्रं होतात. तिथे आईची प्रत असते, म्हणून रंग चढतो.

यावरून कुणी आता नवऱ्याला धारेवर धरू नये. फलनाच्या क्षणी घडलेल्या या गडबडीवर कुणाचाच ताबा नसतो. गर्भाशय 'डिटॉक्स' करून देणारी जी चूर्णं मोबाइलवर विकली जातात, त्यांचाही नसतो.

ही वार एचसीजी हार्मोन भरमसाट बनवते. त्यातून जोराच्या उलट्या होतात, थायरॉइड वाढतं. या आजारात कधी विसाव्या आठवड्याच्या आतच रक्तदाबही चढतो. खरा धोका पुढचा आहे. पूर्ण द्राक्षगर्भानंतर 15 ते 20 टक्के स्त्रियांत काही पेशी मागे राहून वाढतात आणि फुप्फुसांपर्यंतही जातात. 1956 मध्ये ली आणि हर्ट्झ यांनी अशाच पेशींचा कर्करोग मेथोट्रेक्सेटने बरा केला. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या संशोधनाचे प्रमुख होते, त्यातूनच हे औषध आलं होतं. आज वेळेत सापडलेल्या जवळजवळ सगळ्या रुग्ण बऱ्या होतात.

वेळेत सापडण्यासाठी रक्तातलं एचसीजी आधी दर आठवड्याला आणि ते नॉर्मल झाल्यावर काही महिने दरमहा तपासावं लागतं. देवास, खंडव्याहून इंदूरला येऊन गर्भाशय साफ करून घेतलेल्या बायका 'झालं आता' म्हणून माहेरी जातात आणि तपासणी तिथेच सुटते. ही तपासणी गावच्या लॅबमधूनही नमुना पाठवून होऊ शकते. मात्र तेवढे महिने दिवस राहू देऊ नयेत, कारण नव्या गर्भानेही एचसीजी वाढतं आणि मग ते कशामुळे वाढलं ते कळत नाही. पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता साधारण 1 टक्का असते. पुढच्या खेपेला सोनोग्राफी तेवढी लवकर करून घ्यावी.