१० डाउनिंग स्ट्रीट नेमकं कुणाचं?

लंडनचं १० डाउनिंग स्ट्रीट हे पंतप्रधानपदामुळे मिळणारं घर, असं सामान्यज्ञानाच्या फॉरवर्डमध्ये हमखास असतं. राहतात पंतप्रधानच, त्यामुळे तसं वाटणारच. पण घर आहे ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ (सरकारी खजिन्याचे औपचारिक प्रमुख) या पदाचं. दाराचा जवळून काढलेला फोटो मोठा करून पाहा: टपाल टाकायच्या पितळी फटीवर हेच पदनाम कोरलंय.

हल्ली दोन्ही पदं एकाकडेच असतात, म्हणून फरक जाणवत नाही. १८९५ ते १९०२ च्या मंत्र्यांची यादी काढलीत तर दिसेल, पंतप्रधान एक आणि फर्स्ट लॉर्ड दुसरे, तेही चक्क त्यांचे भाचे! घरात राहायला गेले भाचेच. पंतप्रधानपदाचा तर कायद्यातला पहिला उल्लेखच १९१७ चा.