भोगीची भाजी: आधी दाणे, शेवटी चिंच

संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या या लेकुरवाळ्या भाजीसाठी आम्ही देतो त्या भाजीच्या पिशवीत चार-पाच जणांपुरतं सामान आहे: सोलाणे, पावट्याचे दाणे व मटार प्रत्येकी अर्धी वाटी, घेवडा १०० ग्रॅम, २ गाजरं, ४ लहान वांगी, ६ बोरं आणि उसाचे ५-६ करवे. मूठभर शेंगदाणे घरचे घ्या, ते रात्रीच भिजत घाला.

सगळ्यात आधी कूट. ३ चमचे तीळ मंद आचेवर कोरडेच भाजा. तडतडायला लागले की लगेच ताटलीत काढा. गॅस बंद करून कढईतच ठेवलेत तर तापल्या कढईत करपतात आणि अख्खी भाजी कडवट होते. गार झाल्यावर २ चमचे भाजलेल्या सुक्या खोबऱ्याबरोबर जाडसर वाटा. गरम तीळ वाटले तर तेल सुटून गोळा होतो.

वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाका, काळी पडत नाहीत. बोरांना एक चीर द्या, आत अळी आहे का तेही दिसतं.

३ चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद. त्यावर सोलाणे, पावटे, मटार, शेंगदाणे परता, २ वाट्या गरम पाणी घाला आणि झाकणावर पाणी ठेवून १०-१२ मिनिटं शिजवा. पावट्याचा दाणा बोटांत चेपून बघा. चेपला तरच पुढे जा. जून असेल तर आणखी पाच मिनिटं द्या. मग गाजर, घेवडा आणि करवे. पाच मिनिटांनी वांगी, बोरं, २ चमचे गोडा मसाला, १ चमचा तिखट, मीठ.

चिंचेचा कोळ (२ चमचे) वांगी मऊ झाल्यावरच. आंबट पडलं की दाणे शिजायचे थांबतात, मग कितीही उकळा, टचटचीतच राहतात. "भाजी तासभर शिजवली तरी पावटे कच्चेच" अशी तक्रार येते, तिथे बहुतेक वेळा चिंच लवकर पडलेली असते. कोळाबरोबर सुपारीएवढा गूळ आणि तिळाचं कूट घालून पाच मिनिटं मंद उकळा. कूट तळाला बसतं, ढवळत राहा.

कुकर नको. वांग्याचा लगदा होतो.

रस्सा हवा त्यापेक्षा थोडा सैलच ठेवा. कुटामुळे तासाभरात घट्ट होतो. वाटीत घेऊन प्यायचा असेल तर पाऊण वाटी गरम पाणी जास्त घाला, मीठही बेताने वाढवा. लहान मुलांच्या ताटात वाढताना बोरांच्या बिया काढून घ्या. करवे चोखून टाकायचे, हेही त्यांना सांगा.

तीळ लावलेल्या भाकरीसाठी बाजरी आठवड्याभरातली दळलेली हवी. जुनं पीठ कडू लागतं आणि भाकरी थापताना चिरते.