चालता येतं म्हणून ‘सौम्य’?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचा रुग्ण काठीशिवाय चालत असला की आजार ‘सौम्य’ आहे असं सांगितलं जातं. तोच माणूस बोलताना शब्दासाठी अडतो, चार जणांच्या चर्चेत मागे पडतो, हे त्या निदानात कुठेच येत नाही. घरच्यांना वाटतं, लक्ष देत नाही.

खरं तर पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हाच स्मरणशक्ती क्षीण होते आणि विचार मंदावतो, हे नोंदवलं होतं. पण पुढे आजार मोजला गेला तो मुख्यतः पायांवरून. जॉन कुर्ट्‌झके यांची १९८३ ची ईडीएसएस ही ० ते १० अंकांची मोजपट्टी आजही जगभर वापरतात. तिच्यात ४ च्या पुढचे अंक प्रामुख्याने किती चालता येतं यावरच ठरतात.

१९९१ मध्ये स्टीफन राव आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एमएसच्या १०० रुग्णांची बारकाईने चाचणी घेतली. ४३ टक्के रुग्णांच्या आकलनक्षमतेत दोष आढळला आणि शारीरिक अपंगत्वाशी त्याचा संबंध अगदी क्षीण निघाला. २००६ मध्ये इटलीतल्या मारिया पिया अमातो यांच्या गटाने तर १५ वर्षांनंतरही ‘सौम्य’च राहिलेले रुग्ण तपासले. त्यांतही ४५ टक्क्यांमध्ये हा दोष होता.

मग मेंदूत नेमकं काय बिघडतं? एमएसमध्ये चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण झडतं, म्हणून बराच काळ सगळ्यांचं लक्ष मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाकडे होतं. एमआरआयवर ठळक दिसतात ते तिथलेच डाग. पण डागांवरून रुग्णाची अवस्था नीट उलगडेना. वास्तविक १९६२ मध्येच ब्राउनेल आणि ह्यूज यांनी २२ मेंदूंचं विच्छेदन करून दाखवलं होतं, की सुमारे चतुर्थांश व्रण, म्हणजे मायलिन झडलेल्या जागा, मेंदूच्या करड्या भागात किंवा त्याच्या सीमेवर असतात. मेंदूच्या सालीत, म्हणजे वरच्या करड्या थरात, मायलिन मुळातच कमी, त्यामुळे तिथले व्रण नेहमीच्या एमआरआयवर सहसा दिसत नाहीत. १९९८ मध्ये ब्रूस ट्रॅप यांनी आवरणच नव्हे, आतला तंतूही तुटतो, हे दाखवलं. तंतू तुटले की त्यांच्या टोकाला असलेला भागही आक्रसतो. मेंदूतल्या असंख्य मार्गांचा जिथे सांधा आहे, तो थॅलॅमस यात फार लवकर झिजतो. विचारांचा वेग मंदावण्याशी या झिजेचा संबंध अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे.

हा वेग तपासायला एसडीएमटी ही आकडे आणि चिन्हं जुळवण्याची चाचणी आहे. ती दरवर्षी करावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये केली. तिला ९० सेकंद लागतात. इतकी साधी तपासणी ‘सौम्य’ म्हटलेल्या प्रत्येक रुग्णाला मिळायलाच हवी.