सॅक लिटर मोजते, फ्रेम किलो

"ओढ्यापर्यंत सोनं धुवायचं सामान चालत न्यायचंय, ७० लिटरची सॅक पुरेल की ८० ची घेऊ?" छत्रपती संभाजीनगरच्या ट्रेकर मंडळींकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तराआधी हात जोडावेसे वाटतात. बाबांनो, १०० लिटरची घेतली तरी तुमचं काम होणार नाही. तुम्हाला सॅक नको, ओझ्याची फ्रेम हवी.

सॅकबद्दल फार सांगत नाही. अंतूर, गौताळा, सह्याद्री करून आलेल्याला ती पाठ असते: स्लीपिंग बॅग तळाला, कपडे मध्ये, पाणी बाजूला. फ्रेम म्हणजे नुसता अल्युमिनियमच्या पाइपांचा सांगाडा. खाली बोटभर जाड आडवी फळी, खांद्याचे पट्टे, कमरेला रुंद पट्टा, बस. पिशवी नाही, खिसे नाहीत. सामान थेट सांगाड्याला आवळून बांधायचं. दिसायला भिकार, म्हणूनच लोक घेत नाहीत.

आता खरी गडबड कुठे होते ते बघू. ट्रेकचं सामान फुगीर आणि हलकं असतं, म्हणून सॅक लिटरवर विकतात. सोनं धुवायचं सामान बरोबर उलटं. प्लॅस्टिकचा पॅन (रेती पाण्यात फिरवून सोनं वेगळं करायची पसरट परात) अर्ध्या किलोच्या आत, पण त्याला बादली, चाळणी, फावडं, घडीचा स्लूस (उतारावर वाहत्या पाण्यात ठेवायची खाचांची पन्हळ), पाणी आणि भाकरी जोडा. सगळं मिळून वजन सहज १५ किलोवर जातं, आणि त्यातलं निम्मं कडक, टोकदार, न दुमडणारं. फावड्याचा दांडा सॅकमध्ये मावत नाही, बादली तर मुळीच नाही. मग ते बाहेर लटकतं, आणि इथेच सगळं बिघडतं.

कारण ओझं किती, याइतकंच ते पाठीपासून किती लांब, हेही महत्त्वाचं. वजनाचा मध्य पाठीपासून जितका मागे, तितका खांद्यांना मागे खेचणारा जोर जास्त. अंतर दुप्पट झालं की जोरही दुप्पट. बायका पाण्याची घागर डोक्यावर किंवा कमरेला चिकटवून नेतात, हात लांब करून नाही; कारण तेच. भरलेल्या सॅकच्या मागे बादली टांगली की ती पाठीपासून फूटभर बाहेर जाते, पावलागणिक हिंदकळते, आणि तुम्ही वाकून तोल सावरत राहता. फ्रेमवर तीच बादली सांगाड्याला टेकते, तिच्या पोटात चाळणी, चाळणीत पॅन. वजन पाइपांतून थेट कमरेच्या पट्ट्यावर उतरतं. खांद्यांचं काम एवढंच, की ओझं मागे पडू द्यायचं नाही. तीन फुटी कडक स्लूस असला तरी फ्रेमला उभा बसतो.

एक बारकावा. सपाट वाटेवर जड वस्तू खांद्याच्या पात्यांपाशी असलेली बरी. पण शेवाळलेल्या धोंड्यांवरून ओढ्यात उतरायचं असेल तर तीच पाठीच्या मध्यावर घ्या, नाहीतर वरचं वजन तुम्हाला तोंडावर पाडेल. वाहतं पाणी ओलांडताना कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा. पाय घसरला तर ओझं झटकन टाकता आलं पाहिजे. हे न करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

दुसरी फसगत परतीच्या वाटेची. लोक जातानाचं वजन मोजतात, येतानाचं नाही. ओली रेती लिटरमागे दोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे २० लिटरची बादली ४० किलो. धुवून उरलेली काळी रेती तर लिटरला अडीच-तीन किलो, कारण तिच्यातल्या मॅग्नेटाइटची (चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज) घनता पाण्याच्या ५.२ पट आहे; साध्या गारगोटीची २.६५, सोन्याची १९.३ पट. "घरी नेऊन निवांत धुऊ" म्हणत पाच लिटर काळी रेती सॅकच्या तळाशी टाकली की १३-१४ किलोचा गोळा ढुंगणावर आपटत येतो. पाणी ओढ्यावर आहे, धुवायचं तिथेच. छत्तीसगडचे सोनझरी पिढ्यान्पिढ्या लाकडी परातीनं नदीवरच धुतात. अर्ध्या लिटरच्या डबीत मावेल तेवढंच घरी आणा.

आणि काळी रेती दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. आपला बहुतेक मराठवाडा बेसॉल्टवर बसलाय आणि बेसॉल्टात मॅग्नेटाइट भरपूर. गोदावरीच्या कुठल्याही ओढ्यात चुंबक फिरवा, काळं चिकटेल. त्याचा सोन्याशी संबंध नाही. नांदेडच्या टोकाला देगलूर-बिलोलीकडे जुना ग्रॅनाइट उघडा पडतो, पण ग्रॅनाइट म्हणजे सोनं असंही नाही. निजामाच्या राज्यात आपल्यासोबत असलेल्या रायचूरच्या हट्टीत सोनं आहे, पण ते जमिनीखालच्या कठीण खडकात, ओढ्यात पॅन फिरवून मिळणारं नाही. इथे पॅनचा हात बसवायचा सराव करा, तेवढाच उपयोग. वर १९५७ च्या खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय सोन्याचा शोध घेता येत नाही. हौसेनं रीतसर धुवायचं तर ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 'मायनर्स राइट' हा परवाना काढून हाताच्या अवजारांनी धुता येतं. तिकडे पोरंबाळं असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

रंग, खिसे, पावसाचं कव्हर हे फरक सोडून द्या. फ्रेम इथे करून घ्यायची तर अल्युमिनियमला आर्गन वेल्डिंगवाला शोधावा लागतो. साध्या लोखंडी पाइपची केली तर सांगाडाच चार-पाच किलो होतो, त्यापेक्षा जुनी लष्करी फ्रेम मिळाली तर बघा. मुक्काम असेल तर तीस लिटरची छोटी सॅक फ्रेमलाच वरून बांधा.

पाच फुटी पहार मात्र घरी ठेवा. ती एकटीच सहा किलो भरते आणि झाडीत फांद्यांना अडकते. खडकाच्या फटीतली माती काढायला हातभर छिन्नी, लहान हातोडा आणि वाकवलेला जुना चमचा पुरतो.