‘पित्त’ म्हणून सुटलेला हार्ट अटॅक

हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडून स्नायू मरायला लागलेला असतो आणि पेशंटला मात्र पित्ताची गोळी नाहीतर गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं, तो हा प्रकार. कोल्हापुरात ह्याला कारण पण आयतं सापडतं, रात्री तांबडा-पांढरा रस्सा झालेला असतो नाहीतर सकाळी मिसळीवर कट जरा जास्तच घेतलेला असतो, मग छातीत जळजळलं की घरचे काय आणि डॉक्टर काय, आधी जेवणावरच जातात.

फसायला होतं हे खरं आहे. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक असला की दुखणं बेंबीच्या वर येतं, मळमळतं, उलटी होते, ढेकर आली की थोडं बरं पण वाटतं. बायका, शुगरवाले आणि वयस्कर माणसं ह्यांना तर कधीकधी छातीत कळच येत नाही, नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो नाहीतर जबडा, खांदा, पाठ दुखते. पित्ताचं औषध घेऊन आराम पडला म्हणजे हृदय ठीक आहे असं अजिबात नाही.

म्हणून नियम असा की छातीत दुखणारा माणूस आला की 10 मिनिटांत ईसीजी काढायचा. पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा दुखत असेल तर परत काढायचा आणि ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात वाढणारं प्रथिन, त्याची तपासणी करायची, ती पण काही तासांनी पुन्हा, कारण सुरुवातीला ते वाढलेलं नसतं. वाहिनी पूर्ण बंद असेल तर हॉस्पिटलात पोचल्यापासून 90 मिनिटांत अँजिओप्लास्टी (बारीक नळीतून फुगा नेऊन वाहिनी उघडायची), ते जमणार नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, तिथल्या माणसाचे दोन तास ‘पित्तात’ गेले तर उरतं काय?

माझ्या चुलत्यांना पहाटे घामानं बनियन पिळून काढावी इतका घाम आला होता. दवाखान्यात बीपी बघितलं, इंजेक्शन दिलं, दुपारी ते गेले. केस पेपरवर ‘ॲसिडिटी’ एवढंच होतं, ईसीजीचा उल्लेखच नाही.

कायद्यात नुसतं निदान चुकणं म्हणजे निष्काळजीपणा होत नाही, साधारण कुशल डॉक्टरनं जे केलं असतं ते केलं का हे बघतात, त्यामुळं ईसीजी काढून वाचण्यात चूक होणं आणि ईसीजीच न काढणं ह्यात फार फरक पडतो. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं, सगळ्यांना फुकट उपचार देणारं हॉस्पिटल मात्र त्यात येत नाही. फौजदारीसाठी निष्काळजीपणा ढळढळीत लागतो, हे सुप्रीम कोर्टाच्याच 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात आहे. भरपाईची तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करायची.

पेशंटच्या उपचाराचे कागद मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असा डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत नियम आहे, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ईसीजीची पट्टी बऱ्याचदा थर्मल कागदावर असते, कपाटात ठेवली तरी पुसट होत जाते, त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून ठेवा.